जवळच्या खांबापाशी

माझ्या भावाबद्दल लोकांना एकच गोष्ट माहीत आहे, आणि ती मोबाइलवर बघताना चहाचा घोट घ्यायच्या आत संपते. तो आता टायरच्या गोदामात कामाला आहे. ट्रकवाले माल न्यायला येतात, त्याच्याकडे निरखून बघतात, आपसात कुजबुजतात, आणि मग त्यांच्यातला एखादा दोन्ही हात वर करून, तोंड वासून दोन-चार पावलं पळून दाखवतो. बाकीचे पोट धरून हसतात. माझा भाऊ टायर गडगडवत पुढे नेतो. मी तिथे असते तर एकेकाच्या थोबाडीत दिली असती. पण मी तिथे नसते, आणि असते तरी त्याने मला ते करू दिलं नसतं.

म्हणून त्या क्लिपच्या आधीचं आणि नंतरचं मी सांगते. कुणीतरी सांगायला हवं, आणि तो स्वतः काही सांगायचा नाही.

आमचे बाबा रंगारी होते. दुसऱ्यांची घरं चकाचक करून संध्याकाळी घरी यायचे, तर आमच्या जिन्याच्या भिंतीवर चेंडूचे गोल गोल काळे ठसे. भाऊ पायरीवर उभा राहून चेंडू डोक्याने भिंतीवर मारायचा, परत आला की पुन्हा मारायचा, आणि शेजारची बाई दार उघडून ओरडेपर्यंत थांबायचा नाही. तो उंच होत गेला तसे ठसेही वर वर सरकत गेले. "मी जगाच्या भिंती रंगवतो आणि हा माझी काळी करतो," असं बाबा म्हणायचे. दरवर्षी एक हात मारून टाकायचे. दरवर्षी ठसे परत यायचे.

पायाने तो फारसा बरा खेळत नसे. बहीण असून सांगते, त्याचे पाय देवाने उरल्यासुरल्या सामानातून केले होते. पण चेंडू हवेत असला की गोष्ट वेगळी व्हायची. घरात मी मोज्यांचा गोळा करून त्याच्याकडे फेकला, तर तो हाताने कधी झेलायचा नाही. मान जराशी वळायची, टप्, आणि मोजे धुण्याच्या बादलीत. आई म्हणायची, "अरे, देवाने हात दिलेत ते काय शोभेला?"

वाड्या-वस्त्यांतली पोरं जिथे खेळायची त्या मैदानावर एक खोकणारे म्हातारे मास्तर यायचे. शाळेतले मास्तर नव्हेत, फुटबॉलचे. त्यांनी माझ्या भावाला हेरलं. आणि खरं सांगायचं तर त्यांनी त्याला आयुष्यात एकच गोष्ट शिकवली. कॉर्नर मिळाला की चेंडू मैदानाच्या कोपऱ्यातून उंच येतो. सगळे गोलच्या मधोमध झुंडीने उभे राहून त्याची वाट बघतात. तू वाट बघायची नाही. तू झुंडीतून एकदम निसटायचं, कोपऱ्याला जो खांब जवळ असेल तिथे सगळ्यांच्या आधी पोचायचं, आणि चेंडू आला की मानेच्या एका झटक्याने तो मागे, जाळीत वळवायचा. मागे वळून बघायला वेळ नसतो. "बघितलंस की संपलं," मास्तर म्हणायचे. "जाळी कुठे आहे ते मानेला कळलं पाहिजे. डोक्याला विचारत बसायचं नाही."

ते त्याला माझ्या ओढणीने डोळे बांधून खांबापाशी उभा करायचे, दोरीला टांगलेला चेंडू सोडायचे आणि म्हणायचे, हं. पावसाळा, उन्हाळा, परीक्षा, ताप, काहीही असो. माझी चांगली ओढणी त्या घामाने सडून गेली. पण वर्ष-दीड वर्षात मानेला कळायला लागलं. डोळे बांधलेला पोरगा चेंडू जाळीच्या एकाच कोपऱ्यात घालतोय हे बघायला मग पेपर विकणारे थांबायचे, बायका पिशव्या खाली ठेवून थांबायच्या.

आमच्या शहराच्या क्लबने त्याला घेतलं, आणि पहिल्याच मोसमात प्रेक्षकांनी त्याचं नाव 'टक्कर' ठेवलं. घरचं नाव मग आईशिवाय कुणी घेईना. त्याच्या ओळखीने मलाही क्लबात काम लागलं. शर्टांवर आकडे शिवायचे, फाटलेलं सांधायचं, सामन्याला राखीव शर्ट घेऊन बेंचच्या मागे उभं राहायचं. मी अजून तिथेच आहे. तीन प्रशिक्षक गेले, दोन अध्यक्ष गेले, शिवणयंत्र बदललं, मी आहे.

तो गोल करायचा तेव्हा काय करायचा ते सांगून ठेवते, कारण त्याच्यावरच पुढे सगळं रामायण झालं. दुसरे खेळाडू कोलांट्या मारतात, शर्ट काढतात, कॅमेऱ्याला मुके देतात. हा फक्त दोन्ही हात वर करायचा आणि तोंड उघडं टाकून जवळच्या स्टँडकडे पळत सुटायचा. लहान मूल आईला काहीतरी दाखवायला पळतं ना, तसा. बस, एवढंच.

मग मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबने त्याला नेलं. ती काही वर्षं आमच्या घरात दिवाळीसारखी होती असं म्हणायचा मोह होतो, पण खरं म्हणजे आम्ही घाबरलेले असायचो. आई टीव्हीसमोर बसायची आणि कॉर्नर आला की पदराने डोळे झाकायची. आरडाओरडा झाला की झाकलेल्या डोळ्यांनीच विचारायची, "त्याने का?" बऱ्याचदा त्यानेच केलेला असायचा. त्या दिवसांत त्याचं लग्न झालं. मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करायची, कमी बोलायची. मला वाटलं होतं, ही नावाला भुललेली असणार. नाव गेलं तेव्हा ती होती तिथेच होती, त्यामुळे माझे शब्द मी गिळले.

नाव गेलं ते गुडघ्यामुळे. एकदा फाटला, शिवला. पुन्हा फाटला, पुन्हा शिवला. मी शिवणारी बाई आहे, एकाच जागी दोनदा शिवलेल्या कापडाचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. मोठ्या क्लबने त्याला मधल्या क्लबला दिलं, मधल्याने लहानाला, लहानाने आणखी लहानाला. उगवत्या सूर्याला सगळे नमस्कार करतात. मावळत्याला फोनसुद्धा उचलत नाहीत. शेवटी तो आमच्याच क्लबात परत आला, एका मोसमाच्या करारावर. गुडघ्याला जाड पट्टा आणि कानशिलं पांढरी.

त्या मोसमात त्याने एकही गोल केला नाही.

गोल करणं हेच ज्याचं काम, त्याच्याकडून गोल न होणं हे बाहेरच्याला कळायचं नाही. सुताराला खुर्ची जमली नाही तर तो उद्या दुसरी करतो, आणि बघायला कुणी नसतं. इथे हजारो माणसं पैसे देऊन तुम्हाला न जमताना बघायला येतात. आधी चेंडू खांबाला लागायचा. मग गोलकीपरच्या बोटांना. मग एकदा मोकळ्या जाळीसमोर त्याचा पाय घसरला, आणि आमच्याच स्टँडमधून त्याच्यावर गाणं सुरू झालं. गाणं मी इथे लिहिणार नाही, आईचा उल्लेख होता. त्याची बायको त्या दिवसापासून मैदानावर यायची बंद झाली.

तो मला म्हणाला, "ताई, मैदान उंचसखल केलंय यांनी."

मी म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

आमच्यात असली थट्टा नेहमीची. एरवी त्याने मला काहीतरी ऐकवलं असतं. त्या दिवशी तो माझ्या शिवणाच्या खोलीत, शर्टांच्या ढिगावर बसून राहिला. मग म्हणाला, "एक होऊ दे गं. कसाही. पाठीला लागून आत गेला तरी चालेल. एक झाला की मी स्वतःच थांबतो, कुणी सांगायला नको. पण असा कोरडा नको."

मी देवाला मानत नाही फारशी, पण त्या महिन्यांत कॉर्नर आला की मी सुया दातांत धरून पुटपुटायचे, याला एक दे. त्याची बायको मला चष्म्याच्या दुकानात भेटली, आईचा चष्मा न्यायला गेले होते तेव्हा. काच पुसता पुसता हळूच म्हणाली, "ताई, हे जेवताना मान वळवतात. घास हातात असतो आणि मान अशी वळते. मी विचारलं काय होतंय, तर म्हणाले काही नाही. मग परत वळते." तिने काच पुन्हा पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

मोसमाचा शेवटचा सामना. हरलो तर क्लब खालच्या विभागात. बरोबरी झाली तरी आम्ही तगणार होतो, एवढं सोपं गणित. टक्कर बेंचवर होता. मी त्याच्या मागे, राखीव शर्ट हातात घेऊन. आमचे पाठीराखे डाव्या हाताच्या गोलमागे बसतात, आणि पहिल्या अर्ध्यात आम्ही त्याच गोलवर चढाई करत होतो. आम्हाला कॉर्नर मिळाला की बेंचवर बसल्या बसल्या त्याची मान वळताना मला दिसायची. तो पूर्ण वेळ त्याच गोलकडे बघत होता. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि तो गोल आमचा झाला, राखायचा. हे तिसरीतल्या पोरालाही कळतं. त्यालाही कळत होतं.

अगदी शेवटी, दोन्हीकडे शून्य असताना, समोरच्यांना कॉर्नर मिळाला. आणि त्याच वेळी आमचा सगळ्यात उंच बचावपटू पोटरी धरून खाली बसला.

या धंद्यात एक साधा नियम आहे. विरुद्ध संघाचा कॉर्नर यायचा असेल तेव्हा माणूस बदलायचा नाही. थंड अंगाचा माणूस आत येतो, कुणी कुणाला अडवायचं ते त्याला ठाऊक नसतं, जागा हलतात आणि घात होतो. कॉर्नर होऊन जाऊ द्यायचा, एक माणूस कमी असला तरी चालेल, मग बदलायचा. आमच्या प्रशिक्षकाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्याची नोकरी त्या शून्यावर टांगलेली होती. घाबरलेला माणूस आधी शहाणपण सोडतो. "उंची! मला उंची पाहिजे!" तो ओरडला. "टक्कर, जा! जवळचा खांब! पळ!"

भावाने वरचं जाकीट फेकलं. मी शर्ट पुढे केला. बाही अडकली, मी ओढली. तो लंगडत पळाला, सगळं मैदान ओलांडून, थेट त्या खांबापाशी. रेफ्रीने शिट्टी दिली. चेंडू कोपऱ्यातून उडाला, उंच आणि वेगात, आतल्या बाजूला वळणारा. त्याच्यासाठीच शिवून आणल्यासारखा.

मी बघत होते. तो झुंडीतून निसटला. एक पाऊल पुढे आला, फुटक्या गुडघ्यावर उडाला, आणि त्याची मान वळली. इतकं सुंदर मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आमच्या गोलकीपरने हातसुद्धा हलवला नाही. चेंडू आमच्याच जाळीच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ठीक आहे, तेवढंच झालं असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारा झाला, चुकला, डोक्याला लागून आत गेला. असे गोल होतात. पण जाळी हलली आणि त्याचे दोन्ही हात वर गेले. तोंड उघडलं. आणि तो पळत सुटला, गोलमागच्या स्टँडकडे, आमच्या माणसांकडे, हसत. चार पावलं, फार तर पाच. मग त्याने त्यांचे चेहरे पाहिले असावेत. पाय थांबले. हात मात्र तसेच वर राहिले, जणू ते खाली कसे घ्यायचे हेच तो विसरला होता. एवढ्या मोठ्या मैदानात तेव्हा मला माझ्या हातातल्या शर्टाची प्लास्टिकची पिशवी वाजताना ऐकू येत होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळपर्यंत ती क्लिप घराघरांत पोचली. आम्ही खालच्या विभागात गेलो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं की असा आनंद फुकट होत नसतो, याने पैसे खाल्लेत. तिसऱ्या दिवशी ते सगळ्यांना आधीपासूनच माहीत होतं. त्याच्या दारावर रंगाने एक शब्द लिहिला गेला. बाबांनी जाऊन तो दरवाजा रंगवला. चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने भावाच्या बायकोला म्हटलं, काही दिवस घरीच राहा, गिऱ्हाइकं बिचकतात. आई विचारायची, "त्याने का?" आणि आम्ही टीव्ही बंद करायचो.

लीगने चौकशी लावली. सामना विकल्याचं ठरलं असतं तर आयुष्यभराची बंदी, आणि बंदीपेक्षा वाईट म्हणजे ते नाव. खेळाडूंच्या संघटनेने एक वकीलबाई दिल्या. चांगल्या होत्या, कामाचं तेवढंच बोलायच्या. त्यांनी क्लिप पुन्हा पुन्हा पाहिली आणि म्हणाल्या, "सोपं आहे. गर्दीत तुम्हाला मागून धक्का लागला. तुम्ही हात वर केलेत ते फाउल मागायला. रेफ्रीने दिला नाही. संपलं."

खरोखर बसत होतं ते. फाउल मागणारा माणूस अगदी तसेच हात वर करतो, तोंडही तसंच उघडं असतं. हसू काय, दूरच्या कॅमेऱ्यात वेदनाही हसण्यासारखी दिसते. आम्ही माझ्या शिवणाच्या खोलीत त्याची उजळणी घेतली. वकीलबाई विचारायच्या, तो उत्तर द्यायचा. "धक्का लागला. मी फाउल मागितला." एवढी दोन वाक्यं. तो मान खाली घालून म्हणायचा, पण म्हणायचा.

सुनावणीची खोली लांबट होती, खिडक्यांना पट्ट्यांचे पडदे, टेबलावर पाण्याचे ग्लास झाकून ठेवलेले. समोर समितीचे तीन साहेब. मी बेंचमागे उभी होते म्हणून माझीही साक्ष होती, आणि माझी पहिली होती. मी सरळ सांगितलं, "साहेब, मी पाहिलं. मागून धक्का दिला त्याला. चांगला जोरात." धडधडीत खोटं. मला त्याची लाज वाटत नाही. त्याच्यासाठी मी आणखीही बोलले असते, उलट्या पायांचे साक्षीदार उभे केले असते.

मग त्याची पाळी आली. मधले साहेब त्यातल्या त्यात मऊ होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या भगिनी म्हणतात धक्का लागला. तुम्ही हात वर केलेत ते फाउलसाठी, असं समजायचं का आम्ही?"

वाक्यसुद्धा तयार करून दिलं होतं त्या भल्या माणसाने. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

वकीलबाईंनी घसा खाकरला. मग भाऊ म्हणाला, "नाही साहेब. धक्का नव्हता. ताईला तसं वाटलं असेल. मला कुणीही हात लावला नाही. चेंडू मी मारला."

"आणि हात?"

"आनंद झाला म्हणून."

कोपऱ्यातले साहेब खुर्चीत पुढे सरकले. "स्वतःच्या संघावर गोल केलात, आणि आनंद झाला?"

"हो. तेवढा वेळ झाला. मग कळलं."

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि खिडकीकडे बघत बसल्या. साहेबांनी आणखी बरंच विचारलं. कुणाला भेटलात, कुणाचा फोन आला, कुणी काही देऊ केलं का. तो नाही, नाही म्हणत गेला, सगळं खरं. पण एकदा तुम्ही आनंद झाला म्हणालात की पुढच्या 'नाही'ला कोण विचारतो?

आम्हाला बाहेर बाकावर बसवलं आणि काही वेळाने आत बोलावून निकाल सांगितला. सामना विकल्याचा पुरावा नाही. परंतु वर्तन खेळाला बट्टा लावणारं, म्हणून दोन मोसम बंदी. त्याच्या वयाला आणि त्याच्या गुडघ्याला दोन मोसम म्हणजे सगळे मोसम. आणि पुरावा नाही याचा अर्थ लोकांनी काय घ्यायचा तोच घेतला. बायको जिन्याखाली उभी होती, आत यायची तिची हिंमत झाली नव्हती. आमचे चेहरे बघून तिने निकाल ओळखला.

मी मात्र जिन्यातच फुटले. आजूबाजूला कोण आहे ते बघितलं नाही. "अरे, एक शब्द! 'हो' म्हणायचं होतंस फक्त! बायकोची नोकरी गेली, आई-बाबा तोंड लपवून बसलेत, मी भर सभेत खोटं बोलले तुझ्यासाठी, आणि तू मलाच खोटं पाडलंस? कुणाला मोठा सत्यवान दाखवायचं होतं तुला? त्या तिघांना?"

तो कठड्याला धरून उभा होता. पायऱ्या उतरताना गुडघा दुखतो, म्हणून तो नेहमी थोडा थांबतो. मला वाटलं, रडेल. रडला नाही.

"फाउल म्हटलं असतं," तो म्हणाला, "तर मग तो गोलच नव्हता असं झालं असतं ना गं, ताई." आणि मग अगदी हळू, लाजल्यासारखा: "वर्षभरात माझा तेवढाच एक झाला."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो गंमत करत नव्हता.